रविवारचा पाव आणि अनुपम

महाराजपूर, जबलपूर
सोमवार, २० जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप बेबीताईस,

दिवाकरचा वाकून नमस्कार. क्षमाचाही. यशश्री कॉलेजला गेली आहे, पण जाताजाता "आत्या को मेरा भी लिख देना" असं सांगून गेली, म्हणून तिचाही. मराठी तिला सगळी समजते, बोलायला लागली की दोन शब्दांत गाडी हिंदीवर जाते. तू रागावू नकोस.

तू म्हणशील, हातात फोन असताना हा पत्र काहून लिहून राहिला. कारण तूच आहेस. फोनवर मी त्या विषयावर आलो की तुझी भाजी खाली लागते. "ठेवते रे, भाजी लागून राहिली," आणि फोन बंद. गेल्या दोन वर्षांत तुझी इतकी भाजी लागली आहे की तू वर्ध्याला रोज काय जेवतेस याचीच मला काळजी वाटते. पत्रात ती सोय नाही. रागानं ठेवून देशील, पण चहा झाला की पुन्हा उचलशील, मला ठाऊक आहे.

आधी तब्येत, नाहीतर तू तेच शोधत खाली जाशील. मागच्या आठवड्यात तपासणी झाली. सगळे आकडे चांगले आहेत. इथले डॉक्टर रिपोर्ट पाहून म्हणाले, "सर, दीदी का दिया हुआ बढ़िया चल रहा है." ते किडनी हा शब्द कधी वापरत नाहीत. नेहमी 'दीदी का दिया हुआ'. जणू तू मला थंडीसाठी स्वेटर विणून दिलं आहेस. शाळेत रोज जातो. तोंडावर मास्क असतो, त्यामुळे आठवीची पोरं मला मागून 'डॉक्टर साहब' म्हणतात. त्यांना वाटतं मला ऐकू येत नाही.

भूक मात्र अजून तशीच आहे. गोळ्यांमुळे लागते म्हणे. सकाळी पोहे खाऊन उठलो की जेवणाचा विचार सुरू होतो. सध्या बाजारात मटर असे आले आहेत की क्षमा पोत्यानंच आणते, आम्ही तिघं टीव्हीसमोर बसून सोलतो, आणि मी सोलता सोलता अर्धे खाऊन टाकतो. "अहो, धुतलेले नाहीत!" म्हणून ती ओरडते. आपल्या घरात आजकाल सगळं धुतलेलं असतं. मी पण.

आणि स्वप्नं, ताई! तीही गोळ्यांचीच करामत असं डॉक्टर म्हणतात. पूर्वी मला स्वप्नं पडायचीच नाहीत, आता रोज सिनेमा. परवा काय पाहिलं, तिलवाऱ्याच्या पुलावर आमच्या शाळेची बाकं ओळीनं मांडली आहेत, बाकांवर म्हशी बसल्या आहेत आणि मी त्यांना अपूर्णांक शिकवतो आहे. एका म्हशीनं खूर वर केला. मला वाटलं, शंका आहे. तर म्हणाली, "सर, पानी पीने जाऊँ?" खाली एवढी नर्मदा वाहते आहे, मी नाही कशाला म्हणू? जा म्हटलं. मग एकामागून एक सगळ्याच गेल्या आणि पुलावर मी एकटा खडू घेऊन उभा. क्षमाला सांगितलं तर ती इतकी हसली की तिचा चहा सांडला.

दुसरं एक सारखं पडतं. कोणीतरी माझ्या लांब केसांना तेल लावून वेणी घालतं आहे, फार घट्ट, कानशिलं ओढली जातात, आणि मी रडत नाही. आता मला उभ्या जन्मात लांब केस कधी होते? यशश्री म्हणते, "पापा, ये आत्या का सपना है, किडनी के साथ आ गया." डॉक्टरांना विचारलं तर ते हसले. पण इथल्या गोरखपूर मोहल्ल्यातल्या जुन्या घरी आई तुझ्या वेण्या अशाच घालायची ना, दारात बसवून? मला आठवतं असं म्हणणार नाही, मी लहान होतो. तू सांग.

तिसरंही एक आहे. ते आता नाही लिहीत.

पावाचं मात्र लिहितो, कारण तू अजून खाल्ला नाहीस. ऑपरेशननंतर बाहेरचं खाणं बंद झालं तेव्हा मला कशाची आठवण येईल असं वाटलं होतं? खोव्याच्या जलेबीची. तिची नाहीच आली फारशी. आली ती साध्या पावाची. रविवारी सकाळी गोरखपूर बाजारातून गरम पाव आणायचा आणि चहात बुडवून खायचा, बस, एवढंच. मी दोनदा बोललो असेन. तिसऱ्या वेळी क्षमा म्हणाली, "त्यात काय एवढं, घरीच करू." तिच्या भावानं जुना ओव्हन दिला. पहिला पाव यशश्रीनं टेबलावर आपटून पाहिला आणि म्हणाली, "मम्मी, इससे तो दीवार बनेगी." आम्ही तो सुरीनं कापू शकलो नाही, शेवटी वरणात भिजवून खाल्ला. पण क्षमा हटली नाही. आता दर रविवारी पाव असतो. अर्धी कणीक, अर्धा मैदा, मीठ बेतानं. पीठ मळायचं काम माझं. ज्या हातावर डायलिसिसच्या सुया टोचायचे, त्या हाताला वर्षभर मी काचेचं भांडं असल्यासारखं सांभाळत होतो. उशी देऊन झोपवायचो त्याला. आता त्याच हातानं मी पीठ मळतो. थंडीत पीठ फुगत नाही, म्हणून ते पातेलं तू ठेवून गेलेल्या शालीत गुंडाळून गच्चीवर उन्हात ठेवतो आणि मी बाजूला पेपर वाचत बसतो, माकडं येतात म्हणून. दुपारपर्यंत झाकण वर उचललं जातं. ताई, ते झाकण वर आलेलं पाहून मला जे वाटतं ते शब्दांत सांगता येत नाही. मी गणिताचा मास्तर.

आता तुझी भाजी लागायच्या आत लिहून टाकतो. शाळेच्या गॅदरिंगला दरवर्षी आभारप्रदर्शन माझ्याकडे असतं. टेंटवाल्यापासून नगरसेवकापर्यंत सगळ्यांचे आभार मी असे मानतो की लोक टाळ्या वाजवतात. आणि तुझ्यासमोर माझं तोंड उघडत नाही. आपल्या घरात भाऊ बहिणीला 'आभारी आहे' म्हणत नाही, ते परक्याला म्हणायचं असतं. मग काय म्हणायचं असतं? मला ते कोणी शिकवलं नाही. म्हणून एवढंच लिहितो की काल पाव छान फुगला होता, मी दोन जाड तुकडे लोणी लावून खाल्ले, उन्हात बसलो, यशश्री बाजूला अभ्यास करून राहिली होती, आणि मला वाटलं, हे सगळं बेबीताईचं आहे.

काल पावाला एक पाहुणाही होता. त्याचं पुन्हा कधीतरी लिहीन.

तुझ्या अनुपमचा फोन येतो का तुला? सहज विचारलं.

सांभाळून राहा. संक्रांतीचे लाडू पोचले, मी ठरलेल्यापेक्षा जास्त खाल्ले. जड बादल्या उचलू नकोस.

तुझा,
दिवाकर


महाराजपूर, जबलपूर
रविवार, २ फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप बेबीताईस नमस्कार.

पत्र पोचल्यावर तू फोन केलास. वेण्या तुझ्याच होत्या, आणि आई त्या घालताना तू रडायची नाहीस हेही खरं निघालं. म्हणजे यशश्री जिंकली. पण त्यानंतर तू जे विचारलंस त्याचं उत्तर मी दिलं नाही. "पाहुणा कोण होता रे?" तू विचारलंस आणि मी म्हटलं, "दार वाजून राहिलं, ठेवतो." दार वाजत नव्हतं. तुझी भाजी, माझं दार.

ताई, अनुपम आला होता.

आता बसून वाच. चष्मा लावून वाच. त्याची तब्येत चांगली आहे, सूनबाई मेघनाही ठीक आहे, वाईट बातमी काही नाही. हे आधी लिहून टाकतो म्हणजे तुझा जीव खालीवर व्हायचा नाही.

त्या रविवारी मी स्वयंपाकघरात पीठ मळत होतो, कोपरापर्यंत हात भरलेले. बेल वाजली. यशश्रीनं दार उघडलं आणि तिचा आवाजच वर गेला, "अनुपम भैया, आप?" मी तसाच पिठाच्या हातानं बाहेर आलो. तो उंबऱ्याबाहेर उभा होता. कंपनीच्या कामानं जबलपूरला आला होता म्हणे, नागपूरला परत निघून तिलवाऱ्यापर्यंत पोचला होता, तिथून गाडी वळवून आला. दारातच त्यानं खिशातून मास्क काढून लावला. आत आल्यावर पाया पडायच्या आधी बेसिनशी जाऊन साबणानं हात धुतले, नीट, बोटांच्या मधून. माझ्या लक्षात आलं, याला सगळं माहीत आहे. माझ्याकडे आलेल्यानं काय करायचं ते यानं कुठूनतरी वाचून ठेवलं आहे. ज्या मुलानं दोन वर्षं मला फोन केला नाही त्यानं.

क्षमा म्हणाली, "ये रे बाबा, उभा काहून? बस." तो बसला नाही. तो माझ्या हाताकडे पाहून राहिला होता.

"मामा, तुम्ही पीठ मळता?"

"मळतो. ये, तुझेही हात धुतलेलेच आहेत."

आणि तो आला, ताई. बाह्या वर केल्या आणि माझ्या बाजूला उभा राहून मळू लागला. आम्ही दोघं एकाच परातीत. तुझ्यासारखेच हात आहेत त्याचे, रुंद, अंगठा बाहेर वळलेला. तोंडाकडे पाहावं लागत नव्हतं म्हणून असेल, पण तो बोलायला लागला.

मेघनाला दिवस गेले आहेत. हे तुला मी सांगतो आहे याची मला लाज वाटते, कारण हे तुला सगळ्यात आधी कळायला हवं होतं. सहावा महिना लागला आहे. मध्ये काही त्रास झाला आणि डिसेंबरात तिला टाके घालावे लागले. अर्ध्या तासाचं काम. आता ती बरी आहे, पडून राहायला सांगितलं आहे. पण ती आत असताना हा बाहेर बसू शकला नाही.

"मामा, नर्स म्हणाली, बसा, तर मला खुर्ची दिसेना. मला बाबा दिसले."

भाऊजींचं तर तुला मी काय सांगू. हर्नियाचं साधं ऑपरेशन, सकाळी हसत आत गेले आणि हृदय बंद पडलं. अनुपम तेव्हा एकोणीस वर्षांचा. पण एक गोष्ट तुलाही माहीत नसेल. त्याला जेव्हा वरती बोलावलं तेव्हा तो कँटीनमध्ये समोसा खात होता. "हातात समोसा होता मामा. मी तो घेऊनच पळालो. त्यांनी सांगितलं तेव्हाही तो माझ्या हातात होता." इतकी वर्षं त्यानं हे कोणाला सांगितलं नाही.

म्हणून तो तुला किडनी देऊ नको म्हणत होता. आपल्याला वाटलं, त्याला मामापेक्षा आई जवळची, तेवढंच. मलाही तसंच वाटलं आणि मी त्याला दोष दिला नाही, मी त्याच्या जागी असतो तर तेच केलं असतं. पण तो माझा हिशोब करत नव्हता. धडधाकट आई आपल्या पायांनी चालत त्या दारातून आत जाणार, हे त्याला पाहवत नव्हतं. ते त्याला बोलता आलं नाही, म्हणून तो भांडला. "तू गेलीस तर मी येणार नाही" म्हणाला. तू म्हणालीस, "नको येऊ."

ताई, तो आला होता.

त्या दिवशी, ऑपरेशनच्या दिवशी, तो नागपूरच्या त्या दवाखान्यासमोर होता. फाटकासमोर चहाची टपरी आहे ना, तिथे. सकाळी तुला आत नेलं त्याच्या आधीपासून. तुला व्हीलचेअरवरून नेताना त्यानं गेटमधून पाहिलं. चहावाल्याला वाटलं, हा कुठल्यातरी पेशंटचा ड्रायव्हर. त्यानं दिवसभर काही खाल्लं नाही. "बाबांच्या वेळी मी खात होतो," एवढंच म्हणाला. दवाखान्यातली एक मावशी चहाला खाली यायची, तिच्याजवळ तुझं नाव देऊन ठेवलं होतं. ती दर वेळी येऊन सांगायची, अजून आतच आहे, अजून आतच आहे. संध्याकाळी ती म्हणाली, "शुद्धीवर आली तुमची आई. पाणी मागते." तेव्हा तो वर आला. दाराच्या काचेतून त्यानं तुला पाहिलं. तू डोळे मिटून होतीस.

मी विचारलं, "मग आत का नाही गेलास?"

त्यानं पिठाचा गोळा उलटा करून पुन्हा दाबला. मग म्हणाला, "ती एवढीशी दिसत होती मामा. मला तिचा राग आला. तुमचा पण आला. वाटलं, आता आत गेलो तर मी रडणार नाही, भांडणार. टाके घातलेल्या बाईशी भांडणार. म्हणून खाली उतरलो." आणि मग एकदा उतरल्यावर पुन्हा चढता आलं नाही. पहिल्या आठवड्यात नाही, मग महिन्यानं नाही, आणि मग दिवस इतके गेले की काय तोंड घेऊन जायचं.

पाव होईपर्यंत तो थांबला. मटराच्या उसळीबरोबर खाल्ला, मागून घेऊन खाल्ला. क्षमा त्याच्याकडे पाहून पदरानं डोळे टिपत होती आणि कांद्याचं नाव सांगत होती, कांदा केव्हाच शिजून गेला होता.

निघताना म्हणाला, "मामा, हे आईला सांगू नका. आता सांगितलं तर मी सफाई देऊन राहिलो असं होईल." मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. मी त्याची पाठ थोपटली. त्यानं ते हो समजलं असेल. दोन आठवडे मी स्वतःही तसंच समजत होतो. आज नाही समजत. त्याला माझ्यावर रागवायचं असेल तर रागवू दे, त्याला सवय आहे.

आता ते तिसरं स्वप्न सांगतो. मी तुझ्या वर्ध्याच्या घरी जेवायला बसलो आहे, अनुपमच्या शाळेचा शर्ट घालून. तो मला बसतो. तू मला वाढते आहेस, आग्रह करून करून वाढते आहेस, आणि अनुपम खिडकीशी उभा आहे, भुकेला. मला तो दिसतो. मला उठायचं असतं आणि मी उठत नाही, जेवत राहतो. हे स्वप्न मला पहिल्या वर्षापासून पडतं. सगळे म्हणतात, बहिणीनं किडनी दिली. मला वाटायचं, मी तिचा मुलगाही घेतला. तुझ्या फोनवर मी आभाराचा विषय काढायचो ना, तेव्हा खरं तर मला हे बोलायचं असायचं, आणि तुझी भाजी लागली की मला आतून बरंही वाटायचं.

आता लिहून झालं. पुढे काय करायचं ते तू मोठी आहेस, तू ठरव. मी एवढंच म्हणतो की तो कधी दारात आला तर त्याला आधी काही विचारू नकोस. त्याला हात धुवायची सवय आहे, धुवू दे, आणि जेवायला वाढ.

परवा नर्मदा जयंती. गर्दीत जायची मला परवानगी नाही, क्षमा आणि यशश्री ग्वारीघाटला दिवा सोडून येतील. यंदा तुम्हां दोघांच्या नावानं एकच सोडायला सांगितलं आहे.

तुझा, आणि तुझ्यामुळे असलेला,
दिवाकर


नागपूर
मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५

चिरंजीव दिवाकरला बेबीताईचा आशीर्वाद. क्षमाला आणि यशश्रीला पण. मला तुझ्यासारखं लांब लिहिता येत नाही, माझ्या शुद्धलेखनावर लाल पेन चालवू नको.

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. दोनदा वाचलं. मग गॅस बंद केला, शेजारच्या राधाबाईकडे किल्ली दिली आणि बस धरली. तू लिहिलं की तो दारात आला तर. मी म्हटलं, तो येईल तोवर मी काहून वाट पाहत बसू? तो माझ्यासारखाच आहे, बसून राहणारा. दोघंही बसून राहिले तर नातवाचं बारसं होऊन जाईल.

फोन केला नाही. फोन केला असता तर त्यानं विचार केला असता.

दार त्यानंच उघडलं. मला पाहिलं, माझ्या मागं पाहिलं, कोणी सोबत आहे का म्हणून. आणि सुरूच झाला. "एकटी आलीस? बसनं? आई, काही समजते का तुला? फोन करता येत नाही? मी आलो असतो गाडी घेऊन. आणि ही पिशवी! डॉक्टरनं जड उचलू नको म्हटलं होतं न तुला? दाखव, किती जड आहे. बाप रे, काय भरलं यात?" पिशवीत पोहे होते आणि सांबारवडीचं सामान आणि मेघनासाठी डिंक. तो पिशवी हातात घेऊन तिथंच उभा राहून मला बोलत होता, चांगला खणखणीत. मी उंबऱ्यावर उभी राहून ऐकत होती. दिवाकर, दोन वर्षं मला कोणी रागावलं नव्हतं रे. सगळे येतात, किती मोठं काम केलं म्हणतात, पाया पडतात. माझ्यावर ओरडायला कोणी नव्हतं. मी म्हटलं, "बोल. अजून बोल." तेव्हा तो थांबला आणि त्याचा चेहरा लहान झाला.

मेघना आतून ओरडली, "अहो, आईंना आत तर घ्या!" तिला उठायचं नाही म्हणून, नाहीतर तीच आली असती.

मी त्याला तुझं पत्र दाखवलं नाही. तू लिहिलं म्हणून सांगितलं. म्हटलं, मामानं सांगितलं मला, तू टपरीवर होता. तो खाली मान घालून बसला. म्हणाला, "मी वर आलो होतो आई. तू झोपली होतीस."

मी झोपली नव्हती, दिवाकर.

मला शुद्ध आली तेव्हापासून मी त्या दाराकडे पाहून राहिली होती. मला वाटत होतं, कितीही भांडला तरी येईल. तो नाहीच आला. नर्स सारखी विचारायची, दुखते का आजी, काहून रडता? परक्यासमोर काय सांगू? म्हणून मी डोळे मिटून घेतले. घट्ट. तीच वेळ असेल. तो काचेच्या तिकडून पाहत होता आणि मी इकडं त्याच्यासाठीच डोळे मिटून पडली होती. थोडी कळ काढली असती तर दिसला असता.

मी त्याला हे सांगितलं. तो उठून माझ्याजवळ आला, सोफ्याखाली जमिनीवर बसला आणि माझ्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. एवढा मोठा माणूस, केस विरळ झाले आहेत समोरचे. मला माहीत नव्हतं. मेघना आतून विचारत होती, "काय झालं? कोणी बोलत का नाही?" मी म्हटलं, "काही नाही बेटा, आम्ही बसलो आहोत."

मग त्यानं विचारलं, "दुखते का अजून?"

दोन वर्षांत पहिल्यांदा विचारलं त्यानं. मी सगळ्यांना सांगते काही नाही, मी ठणठणीत आहे. त्याला खरं सांगितलं. थंडीत ओढल्यासारखं होते, कुशीवर जास्त वेळ पडता येत नाही. तो लगेच उठला, गरम पाण्याची पिशवी भरून आणली. इतकी गरम की मी ओरडली. मग तो पुन्हा रागावला, यावेळी स्वतःवर.

तू लिहिलं, मुलगाही घेतला. असं परत कधी मनात आणशील तर मी जबलपूरला येऊन तुझा कान धरीन, मग तू पन्नाशीचा असो की शंभरचा. मुलगा कोणी काढून नेत नसते. तो रुसून बसला होता, मी रुसून बसली होती. त्यात तू कुठं आला? तू तर तेव्हा पलंगावर नळ्या लावून पडला होता.

आणि आभाराचं. तुला मी फोनवर बोलू देत नव्हती, कारण तू बोलला असता तर मी रडली असती, आणि मग तुला वाटलं असतं, ताईला पश्चात्ताप होऊन राहिला. मला एक दिवसही झाला नाही. आई गेली तेव्हा मी तुला मांडीवर घेऊन बसली होती, तेव्हाच ठरलं होतं सगळं, डॉक्टरनं नंतर कागद केले. पण आता मीच तुला म्हणते, कारण बाळंतपण होईपर्यंत मी इथंच राहणार आहे आणि त्याला कारण तू आहेस. त्यानं नको म्हटलं असतानाही तू सांगितलं. तुझे उपकार झाले, भाऊ. घे, म्हटलं. इतकं काही कठीण नसते.

अनुपम आता ऑफिसातून आला. दारातूनच विचारून राहिला, आई, दुपारी झोपली होती की नाही, गोळी घेतली की नाही. याला उत्तर द्यायला उठते.

लेकाच्या घरून,
तुझी ताई